ओव्हनमधले एग रोल आणि वॉन्टन: पारी, सारण आणि पाण्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: एग रोल आणि वॉन्टन (मैद्याच्या पातळ पारीत सारण भरून केलेले चिनी धाटणीचे रोल आणि छोट्या पुड्या) तळायचे नाहीत, ओव्हनमध्ये भाजायचे आहेत. आत नेहमीच्या कोबी-गाजराऐवजी चीज, राजमा, मश्रूम, सफरचंद असे काहीतरी वेगळे भरायचे आहे. पण पारी मधूनमधून पांढरी राहते आणि वातड होते, तळ ओला पडतो, चीज फुटून ट्रेवर वाहते. कोणती सारणे ओव्हनला मानवतात, आणि हे सगळे आदल्या दिवशी करून ठेवता येते का?

मी बेकिंग शिकवते आणि ऑर्डरप्रमाणे असे पदार्थ करूनही देते, त्यामुळे या तक्रारी माझ्या रोजच्या ओळखीच्या आहेत. तिन्हींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे पाणी. भाजताना पारीला पाणी कमी पडते आणि सारणात ते गरजेपेक्षा जास्त असते. हा हिशेब जमला की आत काय भरायचे याला जवळजवळ मर्यादा नाही.

आधी पारी. एग रोल आणि वॉन्टनच्या पाऱ्या म्हणजे मैदा, अंडे, पाणी आणि मीठ यांचे कच्चे पीठ, पातळ लाटून चौकोनी कापलेले. मैद्यातला स्टार्च शिजायला उष्णतेबरोबर पाणीही लागते. ६० अंश सेल्सियसच्या आसपास तो पाणी शोषून फुगायला लागतो. १८० अंशांच्या तेलात पारी पडली की तेल तिला सगळीकडून भिडते, उष्णता क्षणात आत पोचते, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेने फोड येतात. तळलेल्या एग रोलवरची ती खडबडीत बुडबुड्यांची साल अशी तयार होते. ओव्हनमधली गरम हवा मात्र उष्णता फार सावकाश देते. पारी शिजण्याआधीच वरून सुकते, आणि एकदा सुकलेला कच्चा मैदा पुढे कितीही वेळ भाजला तरी टणक होतो, कुरकुरीत होत नाही. तापमान वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कडा तेवढ्या करपतात.

यावरचा उपाय म्हणजे तेलाचा पातळ, पण एकही जागा न सोडणारा थर. तेल पारीतले पाणी लवकर उडू देत नाही आणि हवेतली उष्णता पृष्ठभागावर नीट पसरवते. दोन एग रोलना मिळून एक छोटा चमचा तेल पुरते. लावताना एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. पाऱ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये कॉर्नफ्लोअर भुरभुरलेले असते. रोल वळून झाल्यावर तो उजेडाकडे तिरका धरून बघा, पिठाची पुसटशी पांढरी साय दिसेल. भाजल्यावर राहणारे पांढरे डाग बहुधा तिचेच असतात. कोरड्या ब्रशने ती झटका, मग ओला करून घट्ट पिळलेला हात रोलवरून एकदा हलका फिरवा आणि लगेच तेल लावा. हाताच्या त्या नाममात्र ओलाव्याने वरचा स्टार्च शिजायला मदत होते. पाणी शिंपडू नका, पारी चिकट होऊन ट्रेला धरते.

तेलाऐवजी फेटलेले अंडे लावावे का, असेही विचारले जाते. रंग सुंदर येतो, चकाकी येते, पण साल ब्रेडसारखी मऊ होते. मी फक्त गोड प्रकारांना, तेही क्वचित, अंडे लावते.

पारीची निवड सारणावर ठरवा. एग रोलची पारी साधारण १७-१८ सेंटीमीटरची असते, वॉन्टनची त्याच्या निम्म्या बाजूची, म्हणजे एका मोठ्या पारीतून चार छोट्या निघतात. स्प्रिंग रोलची पारी वेगळी. ती पीठ-पाण्याची, बहुधा अंड्याशिवाय केलेली आणि तापलेल्या तव्यावर आधीच शिजवलेली असते. त्यामुळे ओव्हनमध्ये ती सगळ्यात सहज कुरकुरीत होते. पहिल्यांदाच करत असाल किंवा अंडे चालत नसेल, तर स्प्रिंग रोलच्या पारीपासून सुरुवात करा (पाकिटावरचे घटक मात्र वाचून घ्या). जड, चिजाळ सारणाला एग रोलची जाड पारीच हवी, कारण पातळ पारी त्या वजनाने शिवणीवर उकलते.

वळण्याबद्दल. पारी चौकटच्या एक्क्यासारखी, टोक आपल्याकडे करून ठेवायची. सारण मध्याच्या जरा खाली, दहा सेंटीमीटर लांब आणि अंगठ्याहून थोडे जाड असे आडवे ठेवायचे. वजनात ४५ ते ५५ ग्रॅम. खालचे टोक सारणावर ओढून घट्ट खोचायचे, बाजू आत दुमडायच्या, वरच्या टोकाला पाण्याचे बोट लावून गुंडाळत न्यायचे. आत पोकळी राहिली की तिथे वाफ कोंडते आणि पारी आतून ओली पडते. बाजूच्या दुमडी जितक्या रुंद तितके पिठाचे थर जास्त, आणि ओव्हनमध्ये तेच थर दाताला चिवट लागतात. म्हणून सारण कडेपर्यंत पसरून बाजूची दुमड अरुंद ठेवा. शिवण पक्की चिकटल्याशिवाय तेलाचा ब्रश जवळ आणू नका. कडेला तेल लागले की ती पुन्हा चिकटत नाही आणि नेमकी तिथेच उघडते. सारण वाहते असेल तर पाण्याऐवजी अंड्याचा पांढरा भाग लावा, त्याची पकड जास्त भक्कम असते.

वॉन्टनचे वेगवेगळे आकार दिसायला मोहक असतात, पण त्यातले पुष्कळसे उकडण्यासाठी किंवा तळण्यासाठी आहेत. दोन टोके एकमेकांवर दाबून केलेला टोपीसारखा आकार ओव्हनमध्ये त्या जोडाशी कच्चा राहतो; पोटलीच्या वरच्या चुण्या करपतात तेव्हा तिचा तळ अजून फिकाच असतो. भाजण्यासाठी साधा त्रिकोण सर्वांत चांगला. मध्ये एक छोटा चमचा सारण ठेवा, हवा बोटाने बाहेर ढकला आणि कडा दाबा.

ओव्हन एग रोलसाठी २०० ते २१० अंश, वॉन्टनसाठी १९० अंश. पंखा चालू असेल तर २० अंश कमी. ट्रे आत ठेवूनच ओव्हन तापवा. तापलेल्या, तेलाचा हात फिरवलेल्या ट्रेवर शिवण खाली करून रोल ठेवला की चर्र असा आवाज यायला हवा. तो आला की तळ ओला पडण्याची निम्मी भीती गेली. जाळीवर ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मला तो कच्च्या पारीसाठी पटत नाही. मऊ पारी जाळीच्या तारांमध्ये रुतते, आणि तळाला जो थेट चटका हवा तोच मिळत नाही. जाळी भाजून झाल्यावर कामाला येते. आठ-नऊ मिनिटांनी रोल उलटा, पुढे सहा ते आठ मिनिटे. वॉन्टनला एकूण आठ ते बारा मिनिटे लागतात आणि शेवटच्या दोन मिनिटांत त्यांचा रंग झपाट्याने बदलतो, त्या वेळी ओव्हनसमोरून हलू नका. एअर फ्रायर हाही जोरदार पंख्याचा छोटा ओव्हनच. १९० अंशांवर एग रोलना दहा-बारा मिनिटे. त्यात हलके वॉन्टन वाऱ्याने उडून वरच्या तापणाऱ्या कॉइलला चिकटू शकतात, म्हणून त्यांच्यावर छोटी जाळी पालथी घाला.

आता सारण. वेगळी सारणे ही कालपरवाची टूम आहे असे कुणाला वाटू नये. वॉन्टनमध्ये क्रीम चीज आणि खेकडा भरून तळलेला क्रॅब रंगून १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ट्रेडर विक्स रेस्टॉरंटच्या मेन्यूवर होता. अमेरिकेतल्याच डेट्रॉइट शहरात कॉर्न्ड बीफ (खारवून शिजवलेले गोमांस) भरलेले एग रोल लोक आवडीने खातात. एग रोल हा प्रकारच मुळात अमेरिकेतल्या चिनी रेस्टॉरंटांत रूढ झालेला. त्यामुळे आत काय शोभते याची भीड बाळगू नका. विचारायचे ते एवढेच: गरम झाल्यावर हे सारण पाणी सोडेल का?

तळताना पारी इतक्या वेगाने कडक होते की थोडे ओले सारण खपून जाते. ओव्हनमध्ये मात्र पंधरा मिनिटे ते पाणी पारीत मुरत राहते. म्हणून माझी कसोटी अशी: तयार सारण चाळणीत अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. खाली थेंब जमले तर ते भरण्याजोगे झालेले नाही. आणखी परता, नाहीतर काहीतरी बांधणारे घाला. आणि सारण कायम थंड भरा. गरम सारण कच्च्या पारीला भिजवून फाडते. थंड सारण आत तापून वाफाळेपर्यंत बाहेरच्या सालीला सुकायला अवधी मिळतो.

माझ्या मते ओव्हनसाठी सर्वांत भरवशाचे सारण काळा राजमा आणि मका यांचे. कडधान्यातला स्टार्च मोकळे पाणी धरून ठेवतो, म्हणून ते वाहत नाही. बारा एग रोलसाठी शिजवून निथळलेला काळा राजमा २५० ग्रॅम, मक्याचे दाणे १५० ग्रॅम, एक मध्यम कांदा, एक ढोबळी मिरची, किसलेले चेडार १५० ग्रॅम. मका कोरड्या कढईत मोठ्या आचेवर डाग पडेपर्यंत भाजा. त्याचे पाणी उडते आणि गोडवा एकवटतो. तो काढून तेलात कांदा-मिरची परता, जिरेपूड आणि तिखट घाला. राजमा निम्मा ठेचून आणि निम्मा अख्खा घाला. ठेचलेला बांधतो, अख्खा दाताखाली येतो. कढईच्या तळावरून उलथने फिरवल्यावर मागे कोरडी वाट राहायला हवी. लिंबू शेवटी, चीज पूर्ण गार झाल्यावरच. मीठ चाखताना लक्षात ठेवा की पारी अळणी असते, त्यामुळे नुसते खाताना सारण किंचित खारट वाटायला हवे.

उकडलेल्या बटाट्याचे सारणही असेच गुणी आहे. चीज, कांद्याची पात, भरपूर मिरपूड घालून त्रिकोणी वॉन्टनमध्ये भरा. बटाटा कुस्करून उघड्यावर पूर्ण वाफ जाऊ दिली तर तो कधी दगा देत नाही.

मश्रूम सगळ्यात फसवे. त्यांच्या वजनाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच असतो. अगदी बारीक चिरा, कोरड्या पॅनमध्ये मीठ घालून ठेवा, पाणी सुटून पूर्ण आटू द्या, आणि पॅनमधला खदखदण्याचा आवाज थांबून चरचर सुरू झाली की मगच लोणी आणि लसूण घाला. ढीगभर मश्रूमचे वाटीभर सारण होईल, पण चव त्याच वाटीत असते. पालक उकळत्या पाण्यातून काढून फडक्यात घट्ट पिळा. पिळून झाला असे वाटले की पुन्हा पिळा. आंबवलेला कोबी आणि शिजवलेले मांस यांच्या सारणातही कोबीला हाच नियम.

चीज का वाहते, हे समजून घेण्यासारखे आहे. मोझरेला, चेडार यांसारखी रेनेटने (दूध जमवणाऱ्या एन्झाइमने) जमवलेली चीजे तापली की त्यांतल्या प्रथिनांची जाळी सैल होते आणि ती वितळून पसरतात. पनीर, रिकोटा, बकरीच्या दुधाचे मऊ चीज ही मुख्यतः आंबटपणाने जमलेली. ती मऊ होतात, पण वाहत नाहीत. म्हणून दोन्ही एकत्र करा: न वाहणारे दोन भाग, वितळणारे एक भाग. तार निघते आणि सारण जागेवरही राहते. मोझरेला कमी ओलाव्याचे, कोरड्या विटेसारखे येते ते घ्या. पाण्यात ठेवलेले ताजे गोळे इथे नकोत. क्रीम चीजच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग पाणी असते, त्यामुळे त्यात थोडा ब्रेडचा चुरा आणि किसलेले कडक चीज मिसळा. नुसत्या चिजाच्या कांड्या भरायच्या असतील तर त्या आधी फ्रीझरमध्ये दगडासारख्या करून घ्या. इतके करूनही कधी एखादा रोल फुटतोच, तो बहुतेक वेळा भाजणी लांबल्यामुळे. रंग आला की काढा.

पिझ्झाची चव हवी असेल तर पातळ टोमॅटो सॉस आत घालू नका. टोमॅटो पेस्ट तेलात गडद होईपर्यंत परता, त्यात ओरेगॅनो आणि लसूण घाला. ओला सॉस बाहेर, बुडवून खायला ठेवा. तिखट सॉसमधल्या शिजवलेल्या चिकनचेही तसेच: मांसाचे धागे नुसते माखतील इतकाच सॉस आत.

मॅकरोनी-चीज भरलेले एग रोल हल्ली पुष्कळ दिसतात. ओव्हनमध्ये ते करावेत असे मला वाटत नाही. पिठाच्या आत पीठ, आणि तळणीच्या तेलाने येणारा खमंगपणाही नाही. परिणाम कोरडा आणि गिळगिळीत दोन्ही. तेच चीज सॉससकट फ्लॉवरच्या भाजून घेतलेल्या बारीक तुऱ्यांना लावून भरा, फार चांगले लागते.

गोड सारणांत साखर फळातले पाणी ओढून काढते, त्यामुळे इथे जास्त जपावे लागते. सफरचंदाचे अर्ध्या सेंटीमीटरचे तुकडे करा. ग्रॅनी स्मिथ ही हिरवी, आंबट जात आकार टिकवते. मॅकिंटॉशसारखे सफरचंद शिजून लगदा होते. तुकडे लोणी, साखर, दालचिनी, लिंबाचा रस घालून परता आणि सुटलेला रस अर्ध्यावर आला की पाण्यात कालवलेले कॉर्नफ्लोअर घाला. ते उकळी येईपर्यंत शिजवायलाच हवे. नुसते गरम करून उतरवलेत तर ते आळत नाही आणि पिठूळ लागते. गार झाल्यावर सारण चमच्यावरून ओघळता कामा नये, गोळ्याने पडायला हवे. केळ्यासाठी जरा करकरीत फळ घ्या, लांब फोडीच्या बाजूने चॉकलेटचे तुकडे लावा, वरून साखर भुरभुरवून लगेच गुंडाळा. साखर लावून थांबलात की पाणी सुटलेच. शेंगदाण्याचे बटर आणि चॉकलेट ही जोडी सर्वांत सोपी, कारण तिच्यात पाणी जवळजवळ नसतेच; पाहुण्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, एवढे आधी विचारा. गोड रोल ओव्हनमधून निघाल्यावर दहा मिनिटे कुणाच्या हातात देऊ नका. आतला पाक तोंड भाजवतो.

एखादे सारण काही केल्या ओलेच असेल, तर ते गुंडाळण्याचा हट्ट सोडून वॉन्टनच्या वाट्या करा. छोट्या मफिनच्या साच्यात दोन्ही बाजूंनी तेल लावलेली पारी दाबून बसवायची, १७५ ते १८० अंशांवर सहा ते आठ मिनिटे रिकामीच भाजायची आणि कुरकुरीत झाल्यावर भरायची. इथे पारी आणि ओलावा यांची गाठ अगदी शेवटी पडते. ॲव्होकॅडो, टोमॅटो साल्सा, क्रीम चीजचे गोड मिश्रण आणि वर बेरी, असे ओव्हनमध्ये टिकणार नाही ते सगळे या वाट्यांत जाते. वितळायला हवे असे काही असेल तर भरून आणखी चार-पाच मिनिटे भाजा. मला स्वतःला हा प्रकार गुंडाळलेल्या वॉन्टनपेक्षाही आवडतो, कारण ओव्हनला जे उत्तम जमते तेच त्यात ओव्हनकडून करून घेतले जाते.

मांसाबाबत एक गोष्ट ठाम सांगते. कच्चा खिमा भरून भाजू नका. साल तयार झाली म्हणजे आतला खिमा शिजलाच असे नसते. कोंबडीचे मांस आतून ७४ अंश आणि डुकराचा खिमा ७१ अंशांपर्यंत पोचायला हवा, शिवाय शिजताना सुटणारे पाणी आणि चरबी पारीतच मुरते. आधी शिजवा, निथळा, गार करा. शिजवलेले सारण गार करायला पसरट ताटात पसरा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा.

राहिला आदल्या दिवशीच्या तयारीचा प्रश्न. सारण एक-दोन दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवलेले चांगलेच; थंड आणि घट्ट होते. वळलेले कच्चे रोल मात्र रात्रभर फ्रिजमध्ये ठेवू नका, सकाळपर्यंत खालची बाजू ट्रेला चिकटलेली असते. त्यापेक्षा फ्रीझरमध्ये घाला. ट्रेवर बेकिंग पेपर पसरून एकमेकांना न लागता मांडा, पूर्ण टणक झाले की पिशवीत भरा. भाजताना वितळू द्यायचे नाहीत, कारण वितळताना जमणारे दवच पारी भिजवते. फ्रीझरमधून काढून लगेच तेल लावा, तापलेल्या ट्रेवर ठेवा आणि नेहमीपेक्षा चार-पाच मिनिटे जास्त द्या. वॉन्टनच्या रिकाम्या वाट्या तर दोन दिवस आधी भाजून हवाबंद डब्यात नुसत्या ठेवता येतात. भाजलेले रोल जाळीवर काढा, त्यांच्यावर झाकण किंवा फॉइल टाकू नका आणि पाच मिनिटांनी तिरके कापा. अर्ध्या तासापर्यंत ते चांगले कुरकुरीत राहतात. पाहुणे उशिरा आले तर न कापलेले रोल १८० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटे पुन्हा गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेत तर आतली वाफ सालीत शिरून ती पुन्हा वातड होते.